हवेची गादी की चार पायांची बाज?

मैत्रिणींनो, उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आपल्या घरी पाहुण्यांची सुगी! बल्लारशाला गाडी थांबते, नणंद, तिची मुलं, एखादी आत्या असा सगळा लवाजमा उतरतो आणि वर्धा नदीचा पूल ओलांडून राजुऱ्यात दाखल होतो. जेवणाखाण्याचं आपल्याला कधी ओझं वाटत नाही. आंब्याचा रस असतो, कुरडया-पापड तळायला असतात, चार पोळ्या जास्त लाटल्या की झालं. खरा प्रश्न पडतो तो रात्री दहाच्या पुढे. एवढ्या माणसांना निजवायचं कुठे आणि कशावर?

पूर्वी याचं उत्तर सोपं होतं. कापूस आपल्याच काळ्या मातीतला, गाद्या घरच्या आणि अंगण ऐसपैस. आता खाणीच्या नाहीतर सिमेंट कारखान्याच्या क्वार्टरमध्ये खोल्या दोनच. गावात स्वतःचं घर असलं तरी जास्तीच्या गाद्या रचून ठेवायला जागा नाही. म्हणून अलीकडे बऱ्याच जणींनी ती फुगवायची हवेची गादी घेऊन ठेवली आहे. घडी केली की पिशवीत मावते, पंप लावला की पाच-दहा मिनिटांत टम्म फुगते. पाहुणीही खूश! पण पहाटे तीनच्या सुमारास तिची पोळी होते, आणि सकाळी आत्याबाई विचारतात, "काहून वो सूनबाई, रात्री तर मी गादीवर निजली होती, मंग फरशीवर कशी आली?"

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात; पण रात्रीतून अंथरूणच आटलं तर पाय पसरणाऱ्याने काय करावं? तेव्हा आज यावरच बोलू. घरात आहे ती हवेची गादी दुरुस्त कशी करावी, नवीन काही घ्यायचं तर काय बघून घ्यावं, आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात हा प्रश्न नुसता पाठदुखीचा का नाही, तेही सांगते.

आधी खरंच गळते का ते बघा

गादी सैल झाली म्हणजे ती फुटलीच असं नाही. नवी गादी पहिल्या तीन-चार रात्री थोडी ताणते, त्यामुळे सैल लागते. तेवढ्यासाठी दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. दुसरं कारण हवेचं. हवा गार झाली की आकसते. तापमान १० अंशांनी उतरलं तर तिचं आकारमान साधारण ३ टक्क्यांनी घटतं. ऐकायला थोडंसंच वाटतं, पण या गादीत हवा मुळात फारशा दाबाने भरलेली नसते, म्हणून तेवढ्यानेही ती लिबलिबीत लागते. डिसेंबरात संध्याकाळी फुगवलेली गादी पहाटे सैल होते ती यामुळेच.

उन्हाळ्यात नेमकं उलट होतं. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत कूलरच्या गार खोलीत गादी टम्म फुगवली आणि तापलेल्या गच्चीवर नेऊन टाकली, तर आतली हवा प्रसरण पावते आणि गादीचे जोड सुटतात. म्हणून गादी जिथे निजायचं तिथेच आणि निजायच्या वेळीच भरावी. अगदी दगडासारखी कडक करू नये. तळहाताने दाबली तर थोडी दबली पाहिजे.

परीक्षा सोपी आहे. गादी फुगवून, कुणालाही न निजवता, एका खोलीत रात्रभर ठेवा. सकाळी जराशी सैल असली तर हरकत नाही. पार बसलेली असली तर मात्र भोक आहे असं समजा.

भोक शोधावं कसं?

पहिला संशय बुचावर घ्यावा. पुष्कळदा गादीत काही दोष नसतो. बुचात वाळूचा कण, केस नाहीतर धागा अडकलेला असतो, किंवा बूच नीट आत बसवलेलं नसतं. ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून ते घट्ट लावावं आणि पुन्हा एक रात्र बघावं.

तरीही गळत असेल तर वाटीभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा पातळ साबण कालवा. गादी चांगली फुगवा आणि स्पंजाने किंवा मऊ फडक्याने ते पाणी एका टोकापासून लावत चला. आधी बुचाभोवती, मग जोडांवर, मग खालची बाजू आणि शेवटी वरची. जिथे बारीक बुडबुडे सारखे येत राहतील तिथे भोक. लगेच बॉलपेनने त्याभोवती गोल करा, कारण पाणी वाळलं की ती जागा पुन्हा सापडत नाही. आणि एक भोक सापडलं म्हणून थांबू नका. काट्यावर टेकलेल्या गादीला सहसा एकाहून जास्त भोकं असतात.

काटा म्हटलं की बाभळीचाच आठवतो. पण घरातल्या गादीचे खरे शत्रू आपल्याच अंगावर असतात, बरं का! पायातली जोडवी, पैंजणाची कडी, पदराची सेफ्टी पिन, केसातला आकडा. पाहुणीला गादी दाखवतानाच हसत-हसत हे सांगून टाकावं. गादीखाली जाड सतरंजी घालावी आणि त्याआधी फरशी झाडून घ्यावी. फरशीवरचा एक खडाही रात्रभर माणसाच्या वजनाखाली घासत राहतो.

ठिगळ लावताना

इथे बहुतेक घरी एकच चूक होते. सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्युशन आणून लावतात. ते सोल्युशन रबरासाठी असतं. रबरी कापडाची जुनी गादी असेल तर ते छान धरतं. पण आता मिळणाऱ्या बहुतेक गाद्या पीव्हीसी प्लास्टिकच्या असतात आणि त्यांवरून ते ठिगळ दोन दिवसांत सोलून निघतं. चटकन चिकटणारा थेंबाचा गोंदही नको. तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि गादी वाकली की तडकतो. गादीबरोबर जे ठिगळाचं पाकीट येतं ते फेकू नका. हरवलं असेल तर पीव्हीसीसाठीचा गोंद असं स्पष्ट सांगून घ्या.

आता कृती. गादीतली सगळी हवा काढा. भोकाभोवतीची जागा औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. वरची बाजू मखमलीसारखी असेल तर ठिगळाएवढ्या जागेवरची मखमल पॉलिश पेपरने हलक्या हाताने खरवडून काढा. मखमलीवर कुठलाच गोंद धरत नाही. ठिगळ गोलाकार कापा, कारण कोपरे आधी सुटतात. ते भोकाच्या चारी बाजूंनी निदान दोन-तीन सेंटीमीटर जास्त असावं. गोंद पातळ लावा, ठिगळ मधून कडेकडे दाबत बसवा, वर प्लास्टिकचा तुकडा आणि त्यावर वरवंटा किंवा डाळीचा डबा ठेवून एक दिवस विसरून जा. दुसऱ्या दिवशी पुन्हा साबणाचं पाणी लावून बघा.

दोन ठिकाणी मात्र हात जोडावेत. जोडावरच लांब चीर गेली असेल तर ठिगळ फार दिवस टिकत नाही. आणि गादीच्या मध्ये एकाएकी भोपळ्यासारखा फुगवटा आला, तर आतले पडदे सुटलेले असतात; त्याला घरगुती इलाज नाही.

ठेवताना गादी पूर्ण कोरडी करावी, थोडी टाल्कम पावडर भुरभुरावी, सैल घडी करून जुन्या उशीच्या अभ्र्यात घालावी आणि उंदरांच्या वाटेपासून दूर खुंटीला टांगावी. डांबरगोळ्या ठेवू नयेत. त्यांनी प्लास्टिक चिकट आणि मऊ होतं.

इथे हे नको

तान्ह्या बाळाला हवेच्या गादीवर कधीही निजवू नये. एवढंसं मूल, त्याला मान वळवता येत नाही. मऊ गादीत तोंड रुतलं, किंवा हवा कमी होऊन झालेल्या खळग्यात ते घरंगळलं, तर श्वास कोंडतो आणि आवाजही येत नाही. बाळंतपणाला आलेली लेक असो की सहा महिन्यांचं बाळ घेऊन आलेली भाची, त्यांना घरातला टणक पलंग द्या आणि हवेच्या गादीवर आपण निजा.

आजाऱ्याच्या खाली घालतात ती पंपाची फुग्यांची गादी वेगळी. ती पलंगावरच्या गादीवर अंथरायची असते आणि तिचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. तिची हवा कमी झाली की आजाऱ्याला कळत नाही, पण कंबर खालच्या गादीला टेकते आणि शय्याव्रण सुरू होतो. रोज एकदा त्याच्या कंबरेच्या सरळ खाली, हवेच्या गादीखाली हात घालून बघावं. हाताला कंबरेचं हाड टोचलं तर हवा कमी आहे. वीज गेली की हे आठवणीने बघावं. आणि गादी कितीही चांगली असली तरी दर दोन तासांनी कूस बदलणं चुकत नाही.

आपल्या मुलखात जमिनीवर निजणं

आता मुख्य गोष्ट. पुण्यामुंबईच्या चौथ्या मजल्यावर गादी बसली तर पाठ धरते, एवढंच. आपल्याकडे गादी बसली म्हणजे माणूस जमिनीवर आला, आणि रात्री जमिनीवर मण्यार फिरते.

मण्यार हा काळसर-निळ्या रंगाचा, अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला अतिविषारी साप. दिवसा तो बिळात, विटांच्या नाहीतर लाकडांच्या ढिगात पडून असतो. रात्री उंदीर, पाली आणि दुसरे साप शोधत बाहेर पडतो आणि दाराखालच्या फटीतून घरात येतो. जमिनीवर निजलेल्या माणसाने कूस बदलली, हात त्याच्यावर पडला, की तो चावतो. त्याचे दात इतके बारीक असतात की झोपलेला माणूस जागाही होत नाही. खूण दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, उलटी होते, मग पापण्या जड होतात, गिळताना त्रास होतो, बोलणं जड होतं आणि शेवटी श्वास थांबतो. घरचे समजतात, रात्रीचं जेवण बाधलं!

म्हणून ही लक्षणं पाठ करून ठेवा. पावसाळ्यात रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्या मिटणं ही दोन्ही एकदम दिसली, तर साप दिसला नाही, खूण सापडली नाही, तरी थेट सरकारी दवाखाना गाठा. १०८ नंबरवर रुग्णवाहिका मिळते. चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिकाकडे नेणं यांत वेळ जातो, आणि वेळ हेच तर औषध आहे. आपल्या देशात मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, पण ती दवाखान्यातच द्यायची असते. मण्यारीच्या दंशात कधीकधी कृत्रिम श्वासही द्यावा लागतो.

ही काही घाबरवण्याची गोष्ट नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. आणि २००७ साली नेपाळच्या तराईतला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे मच्छरदाणीत निजणाऱ्यांना साप चावण्याचं प्रमाण पुष्कळ कमी आढळलं. म्हणजे उपाय आपल्या हातातला आहे: उंच अंथरूण आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. हिवतापाचा डासही रात्रीच चावतो आणि राज्यात हिवतापाचं मोठं ठाणं गडचिरोली, म्हणजे आपल्या शेजारीच. तेव्हा एका मच्छरदाणीत दोन्ही कामं होतात.

आता हवेच्या गादीचं बघा. मच्छरदाणी आपण गादीखाली खोचतो. गादीची हवा गेली की खोचलेली कड ढिली होते आणि निजलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. गळकी गादी ही अशी दोन्हींकडून दगा देते. म्हणून घरात एकच नवीन वस्तू घ्यायची ऐपत असेल तर ती चार पायांची घ्या. हवेची गादी वापरायचीच तर दिवाणावर नाहीतर लाकडी तख्तावर टाका.

घडीचा पलंग घेताना

बाजारात तीन प्रकार दिसतात. एक, लोखंडी पाइपचा, नायलॉनच्या पट्ट्यांनी विणलेला घडीचा पलंग. दुसरा, वर प्लायवूड असलेला. तिसरा, ॲल्युमिनियमच्या पायांचा, जाड कापड ताणलेला कॅम्प कॉट. तो पिशवीत मावतो. घरातल्या पाहुण्यांसाठी पहिला किंवा दुसरा, प्रवासासाठी तिसरा. आणि आपली बाज तर आहेच. घरात जुनी बाज असेल तर ती भंगारात देऊ नका. लाकूड चांगलं असलं तर नवी नवार नाहीतर सुतळी भरून घ्या. उन्हाळ्यात तिच्याइतकं गार अंथरूण दुसरं नाही, कारण हवा खालूनही लागते.

दुकानात पलंग नुसता बघू नका, लाजू नका, त्यावर निजून बघा! मग एका टोकाला बसा. पुष्कळ घडीचे पलंग टोकाला बसलं की दुसरीकडून उचलतात. म्हातारं माणूस उठताना हमखास टोकालाच बसतं. मध्ये आधाराचा पाय आहे का ते बघा. पाइपची जाडी विचारा. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे लक्षात असू द्या. जोडाला नट-बोल्ट असतील तर ढिले झाल्यावर आवळता येतात. नुसता रिबिट असेल तर तो झिजला की पलंग कुरकुरू लागतो. वजनाची जी मर्यादा लिहिलेली असते तिच्यात आपल्या घरच्या सर्वांत जाड माणसाचं वजन भरपूर जागा राखून बसलं पाहिजे. पायांना रबराचे बूट हवेत. बिजागरीत मुलांची बोटं सापडतात, तेव्हा घडी करायचं काम मोठ्यांचंच.

उंची बघायला विसरू नका. गुडघ्याजवळ येईल इतका पलंग चांगला. जमिनीपासून वीतभर उंच असलेला कॅम्प कॉट दिसायला सुबक, पण आपल्या कामाचा नाही. चादर जमिनीपर्यंत लोंबू देऊ नये. तीच सापाची शिडी होते. पलंग भिंतीपासून थोडा सरकवून ठेवावा आणि त्याखाली सरपण, पोती, खोकी रचू नयेत. मच्छरदाणीसाठी चार पायांना चार बांबूच्या काठ्या बांधल्या की झालं. बांबूला काय तोटा आपल्याकडे!

सुती नवार पावसाळ्यात भिजून कुजते, म्हणून ओल लागली तर उन्हात वाळवावी. नायलॉनची पट्टी कुजत नाही पण सैल पडते. वर्षातून एकदा ताणून घ्यावी. लोखंडी पायांना पावसाळ्याआधी एक रंगाचा हात द्यावा. थंडीत मात्र कॅम्प कॉटवर खालून गारठा लागतो, तेव्हा अंगावर घ्यायच्या आधी खाली एक जाड गोधडी घालावी.

मुली शिबिराला जातात तेव्हा

माझं अर्धवेळ शाळेचं काम असल्याने मुलींच्या शिबिराची तयारी दरवर्षी जवळून बघते. गाइडचं शिबिर असो, ताडोब्याची सहल असो की निसर्ग-मंडळाचा मुक्काम, आया डब्याची चौकशी दहा वेळा करतात, पण झोपायची व्यवस्था काय, हे विचारणारी एखादीच. मैत्रिणींनो, हा प्रश्न संकोच न करता विचारा. मुली जमिनीवर निजणार की उंचावर? मच्छरदाण्या आहेत का? रात्री बाहेर जायला दिवा आहे का? जवळचा दवाखाना किती लांब? प्रत्येकीला कॉट मिळणं शक्य नसतं, हे मीही जाणते. मग निदान खोली पक्की असावी, दाराखालची फट गोणपाटाने बुजवावी, मच्छरदाणी चारी बाजूंनी सतरंजीखाली खोचावी आणि मुलीच्या पिशवीत टॉर्च द्यावा. सकाळी अंथरूण झटकून घडी करायची आणि बूट उलटे करून आपटल्याशिवाय पायात घालायचे नाहीत, हे घरूनच शिकवून पाठवावं.

जंगलाला लागून असलेल्या गावांत बाज अंगणात टाकायचा मोह मात्र टाळावा. २०२० च्या ऑक्टोबरात आपल्या राजुरा तालुक्यातला आरटी-१ वाघ पकडला गेला, तोपर्यंतचे दिवस आपण विसरलेलो नाही. बाज सापापासून वाचवते, वाघ-बिबट्यापासून नाही. तिथे उंच बाज, पण घरात, असंच बरं.

मृगाचा पाऊस पडायच्या आत या रविवारी एवढं करा. हवेची गादी फुगवून रात्रभर ठेवून बघा, पलंगाचे नट आवळा, मच्छरदाणीची भोकं शिवून काढा आणि दाराखालची फट बुजवा. नवरोबांना आणि मुलांना हाताशी घ्या, दुपारभरात होऊन जाईल. मग आत्याबाई चार दिवस जास्त राहिल्या तरी चालेल!